धुतलेली पानं

प्रिय ताई,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर खरं तर फोनवरच देता आलं असतं. 'माझे सगळे आहेत ना रे तिथे?' एवढंच तू विचारलंस आणि मी 'सविस्तर लिहून कळवतो' म्हणून फोन ठेवला. हो किंवा नाही एवढ्यानं भागणाऱ्या प्रश्नाला जो माणूस सविस्तर लिहायला बसतो, त्याच्या मनात काहीतरी काळंबेरं असणार हे तू लगेच ओळखलं असशील. लहानपणी माझ्या हातून दौत सांडली की मी आईला असंच 'आधी सगळं ऐकून घे' म्हणायचो, आणि आई सगळं ऐकून घ्यायच्या आधीच पाठीत धपाटा घालायची. तू तेवढं शेवटपर्यंत वाच. पत्र मोठं आहे, तेव्हा गोळ्या घेऊन बस आणि पाय स्टुलावर ठेव.

तुझी अट मला पक्की ठाऊक आहे. तुझ्या लेकीनं ती मला दोनदा सांगितली, एकदा तुझ्यासमोर मोठ्यानं आणि एकदा जिन्यात जाऊन हळू आवाजात. पक्षी पूर्वीसारखे येत असतील तर तू रविवारी घरी परतणार, नसतील तर तिच्याकडेच कायमची राहणार. तिनं तुझ्यासाठी खोली रंगवून घेतली आहे, न्हाणीघरात धरायला दांडा लावला आहे, आणि खिडकीतून दिसायला काही नसलं तरी ऊन छान येतं म्हणे. जिन्यात ती म्हणाली, 'मामा, तूच सांग, आता आईचं तिथे पक्ष्यांशिवाय आहे तरी कोण?' मी म्हणालो, 'खरं आहे बाई.' तुमच्या घराच्या भिंतीला भिंत लावून एक सख्खा मामाही राहतो, हे त्या क्षणी तिच्या ध्यानात आलं नसावं. मीही आठवण करून दिली नाही. उगाच पोरीला ओशाळं कशाला करायचं.

त्या भिंतीचंही जरा सांगतो. वडिलांनी एका घराची दोन घरं केली तेव्हा मधली भिंत इतकी पातळ घातली की तू तिकडे शिंकलीस की मी इकडे रुमाल शोधायचो. तुझा रेडिओ सकाळी सहाला सुरू व्हायचा आणि मी त्याबद्दल गेली सोळा वर्षं तुझ्याशी भांडत आलो. आता चार महिने भिंत गप्प आहे. बातम्या मला स्वतः लावाव्या लागतात, आणि लावल्या की कळतं, मला बातम्यांची आवड कधी नव्हतीच. परवा मी रेडिओ भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि शेजारच्या खोलीत जाऊन ऐकला. तसा जरा बरा वाटला.

तर मुद्द्यावर येतो. तू पडलीस त्या दिवशी स्ट्रेचरवरून तू मला चार सूचना दिल्यास. खुबा मोडलेली बाई कण्हते, देवाचं नाव घेते. तू माझं मनगट धरून मागच्या अंगणाचा कारभार सोपवत होतीस. मातीच्या पसरट भांड्यात रोज पाणी घाल. मूठभर दाणे टाक. झुडपाखाली शिरू नकोस. आणि बाकी कशाला हात लावू नकोस. या चारही सूचना मी वहीत लिहून ठेवल्या आहेत, हवं तर दाखवतो. पहिल्या दोन मी तंतोतंत पाळल्या. चौथीबद्दल एवढंच म्हणेन की मी हात लावला नाही. मी हातमोजे घातले होते.

ताई, थोडी चूक तुझीही आहे. चौतीस वर्षं ज्यानं हॉस्पिटलच्या निर्जंतुकीकरण विभागात वाफेच्या भट्टीसमोर काढली, ज्याच्या हाताखालून गेलेल्या चिमट्यानं आजवर कुणाला साधी पुवाची पुटकुळी आली नाही, त्याच्या ताब्यात तू तुझं अंगण दिलंस. तुझं अंगण म्हणजे काय, तर गुडघाभर गवत, त्यात सात वर्षांची पानं, वर शेवाळ, त्याहून वर कोळिष्टकं. माझ्या मागच्या दारातून ते मला रोज दिसायचं आणि मी रोज दार लावून घ्यायचो. तू हॉस्पिटलात असताना मी एक दिवस दार लावलं नाही. कुंपणातल्या छोट्या फाटकातून आत गेलो आणि म्हटलं, फक्त झुडपाखालची पानं काढू.

अकरा पोती निघाली. त्याखाली गांडुळं, गोगलगायी, नाव माहीत नसलेले पुष्कळ पायांचे प्राणी, आणि तुझा चष्मा निघाला. तोच, जो तीन वर्षांपूर्वी मी हरवला असं तू सगळ्या नातेवाइकांना सांगितलं होतंस. तो उकळून, पुसून, कपाटाच्या वरच्या खणात ठेवला आहे. मग एकदा हात चालायला लागला तो थांबेना. दुसऱ्या दिवशी मातीच्या भांड्यातलं शेवाळ खरवडलं, त्याला जंतुनाशकाचे दोन हात दिले, तरी समाधान होईना म्हणून त्याच्या जागी स्टीलचा ट्रे ठेवला, ज्यात आम्ही कात्र्या मांडायचो. तिसऱ्या दिवशी कुंपणावरची वेल कापली, कोळिष्टकं काढली, मुंग्यांची पावडर टाकली, न्हाव्यानं केस कापावेत तसं गवत बारीक केलं. चौथ्या दिवशी तुझं अंगण असं दिसत होतं की तिथे अपेंडिक्स काढता आलं असतं. मी खुर्ची टाकून चहा घेतला आणि तुला किती आनंद होईल याचा विचार करत बसलो.

पाचव्या दिवशी तुझी मंडळी आली. तू ठेवलेली नावं मला तोपर्यंत नीट कळली नव्हती, पण बघितल्यावर लगेच पटली. हात मागे बांधून वर्गात फिरावं तसा चालणारा तो काळा 'मास्तर' ट्रेच्या काठावर उतरला, पाणी प्यायला वाकला, आत स्वतःलाच बघून दचकला आणि जो गेला तो गेला. दिवसभर कचाकचा भांडणाऱ्या त्या दोन तपकिरी 'जावा' झुडपाखाली शिरल्या, पानं उलटायला गेल्या तर पानं नाहीत. त्या दिवशी त्या भांडल्या नाहीत. एकमेकींकडे बघून निघून गेल्या. सकाळी एकदाच येऊन जाणारा 'पोस्टमन' कुंपणावर बसला आणि पत्ता चुकला असं समजून परतला. आठवडाभरात कावळासुद्धा फिरकेना. ताई, ज्या अंगणाला कावळाही विचारत नाही, त्या अंगणात रोज मूठभर दाणे टाकताना माणसाला फार एकटं वाटतं. दाणे मी दुसऱ्या दिवशी झाडून नवे टाकायचो, कारण शिळे दाणे मला बघवत नसत.

त्यात तुझे रविवारचे फोन सुरू झाले. 'फोन जरा खिडकीत धर, मला त्यांचा आवाज ऐकू दे,' असं तू म्हणालीस तेव्हा मला घामच फुटला. पहिल्या रविवारी मी सांगितलं की सगळे झोपलेत. सकाळी नऊला. दुसऱ्या रविवारच्या आत मी जुन्या हॉस्पिटलात जाऊन दातांच्या विभागाबाहेर लावतात ती ध्वनिफीत मागून आणली. दाढ काढून घ्यायला आलेल्या लोकांचं मन शांत व्हावं म्हणून त्यात जंगलातल्या पक्ष्यांचे आवाज आहेत. मी ती खिडकीत लावली आणि तू तिकडे किती खूश झालीस. 'किती रे गजबजलंय,' म्हणालीस. आणि तेवढ्यात फितीतला तो गंभीर माणूस म्हणाला, 'आता एक दीर्घ श्वास घ्या.'

तू विचारलंस, कोण रे ते? मी म्हणालो, माझे जुने सहकारी राहायला आलेत, सकाळी व्यायाम करतात. त्याच दमात मागून समुद्राच्या लाटा सुरू झाल्या, तर मी म्हणालो नळ फुटला आणि फोन ठेवला. एक खोटं झाकायला दहा खोटी लागतात म्हणतात, ते काही उगाच नाही. तेव्हापासून दर रविवारी तू त्या सहकाऱ्यांची चौकशी करतेस. जेवतात का, झोप लागते का, नळ दुरुस्त झाला का. मी घाबरून फीत दरवेळी त्याच जागी बंद करायचो, त्यामुळे ते बिचारे दहा-बारा रविवार नुसता श्वास घेतच राहिले. मागच्या खेपेला तू म्हणालीस, 'त्यांना म्हणावं, आता एकदा सोडा.' तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की तुला सगळं कळलं असावं.

मी नुसता खोटं बोलत बसलो होतो असं मात्र समजू नकोस. ग्रंथालयातून पक्ष्यांवरचं पुस्तक आणलं. त्यात पहिल्याच पानावर लिहिलं होतं की बाग थोडी अस्ताव्यस्त ठेवावी. थोडी म्हणजे किती, ते कुठेच दिलेलं नाही. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला तापमान आणि मिनिटं ठरलेली असत. इथे नुसतं 'थोडी'. मी टेप घेऊन गेलो आणि कुंपणाकडचा एक चौकोन अस्ताव्यस्त ठेवायचा म्हणून आखून घेतला. त्यात चार काटक्या टाकल्या. त्या समांतर पडल्या. परत उचलून टाकल्या, परत समांतर. जित्याची खोड, दुसरं काय.

मग पानं हवी होती. तुझी अकरा पोती तर कचऱ्याच्या गाडीतून कधीच गेली होती. आपल्या रस्त्यावर झाडायला येते ती बाई तुला माहीत आहे, तू तिला दाराशी बसवून चहा देतेस. मी तिला थांबवून म्हटलं, रोजची पानं मला द्याल का? तिनं मला नखशिखांत न्याहाळलं. याच काकांनी अकरा पोती तिच्याकडून उचलवून घेतली होती, आणि एका पोत्याचं तोंड नीट बांधलं नाही म्हणून तिला बोलणीही सुनावली होती. तरी बिचारीनं दोन पोती आणून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिसरं पोतं घेऊन मागच्या बाजूला आली आणि दारातच थबकली. मी पानं वाळत घातली होती. कोमट पाण्यातून काढून, दोरीवर, चिमटे लावून.

पोतं खाली ठेवून ती पायरीवर बसली आणि पोट धरून हसली. हसून झाल्यावर म्हणाली, 'काका, पाखरं काय पानं खायला येतात होय? पानाखालचं खायला येतात. तुम्ही जेवण धुऊन काढलंत आणि ताटं वाळत घातलीत.' मी तिला सांगणार होतो की पानांवर कुठल्या कुठल्या प्रकारची बुरशी असते, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून वही काढली. चौतीस वर्षांत मला कामातलं कुणी शिकवलं नव्हतं; ते काम त्या बाईनं पायरीवर बसून दहा मिनिटांत केलं. पानं ओलीच टाकायची, ढीग हलवायचा नाही, ट्रे काढून मातीचं भांडं परत ठेवायचं, त्यात एक दगड टाकायचा आणि शेवाळाला येऊ द्यायचं. शेवाळाला येऊ देणं हे फार कठीण असतं, ताई. मी दोन आठवडे हात पाठीमागे बांधून हिंडत होतो, त्या मास्तरसारखा.

गांडुळं मात्र मी स्वतः आणली. तळ्याकाठच्या बागेत चिमटा आणि झाकणाचा डबा घेऊन जायचो. तिथला माळी मला तिसऱ्या दिवशी म्हणाला, आजोबा, मासे कुठे धरता? मी म्हटलं, मासे नाही, बहिणीसाठी नेतोय. त्यानंतर तो मला लांबूनच नमस्कार करतो.

आता जे सांगायचं ते मी इतका वेळ पुढे ढकलत आणलं आहे. पानं परत येतात, शेवाळ येतं, वेलही फुटते. झाडाचं तसं नसतं. तुझं ते वाळलेलं झाड, जे भावोजी गेले त्याच वर्षी वाळलं आणि जे तू कुणालाच तोडू दिलं नाहीस, ते मी तोडवलं. सफाईच्या सहाव्या दिवशी. करवतवाल्याला बोलावून त्याचे चौदा सारखे तुकडे करवून घेतले, त्यांच्यावर खडूनं नंबर टाकले आणि भिंतीशी रचून ठेवले. तुझा तो लाल टोपीचा सुतार पक्षी, ज्याला तू 'ठोके' म्हणतेस, त्याचं बीळ नवव्या तुकड्यात होतं. तो दोन दिवस कुंपणावर बसून त्या ढिगाकडे बघत होता. ओरडला असता तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवसापासून तो आला नाही, आणि मला माझी लाज वाटली. ही गोष्ट फोनवर सांगायची हिंमत मला चार महिन्यांत झाली नाही. लिहितानाही मी मधे दोनदा उठून हात धुऊन आलो.

यावर उपाय म्हणून मी जे केलं त्याला गल्लीतले लोक अजून हसतात. तुझ्या खुब्यात डॉक्टरांनी जी पट्टी आणि स्क्रू बसवले, त्या जातीच्या पट्ट्या मी आयुष्यभर मोजून डब्यात भरल्या आहेत. मनात म्हटलं, माझ्या बहिणीचं हाड उभं राहतं तर झाड का नाही. लोहाराकडून हातभर लांबीच्या पट्ट्या करून आणल्या. झाडणाऱ्या बाईचा नवरा गवंडी आहे, त्यानं खाली काँक्रीट ओतलं, आणि आम्ही तिघांनी मिळून तुझं झाड खालून वर जोडत नेलं. तुकड्यांवर नंबर होते म्हणून मी निर्धास्त होतो. पण ढीग करण्याआधी मी ते तुकडे धुतले होते, आणि तुकड्यांबरोबर नंबरही धुतले गेले होते. त्यामुळे तीन तुकडे कुठे बसतात ते शेवटपर्यंत कळलं नाही. झाड आता पूर्वीपेक्षा बुटकं आहे, मधे एका जागी जाडीचा मेळ बसत नाही, आणि ते जरासं माझ्या घराकडे कललं आहे. पण उभं आहे. गवंडी म्हणाला, आपल्या दोघांनंतरही उभं राहील.

बारा दिवसांनी ठोके आला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत श्वास धरून उभा होतो, अगदी त्या फितीतल्या माणसानं सांगितल्यासारखा. त्यानं झाडाला एक चक्कर मारली, जागा निवडली आणि पहिलीच चोच बरोबर पट्टीवर मारली. टण्ण असा आवाज झाला. त्यानं मान मागे घेऊन त्या पट्टीकडे असं काही पाहिलं की मी खिडकीतून माफी मागितली. दुसऱ्या दिवशी तो परत आला, पट्टीपासून वीतभर लांब बसला आणि चार ठोके मारून गेला. मी मोजले, चारच. त्याला आज नऊ दिवस झाले.

तर तू विचारलेली खरी हजेरी अशी आहे. आज सकाळी सहा ते नऊ मी पायरीवर बसलो होतो. दोन चिमण्या आल्या, त्यांनी दाणे खाल्ले. कावळा आला आणि माझ्या बशीतला पाव घेऊन गेला. मास्तर कुंपणापर्यंत येतो, खाली उतरत नाही. जावांपैकी एकच येते. दुसरी कुठे गेली ते ठाऊक नाही. एकटीला भांडायला कुणी नाही, म्हणून ती माझ्या अंगावर येऊन बडबडते आणि मीही तिला दोन शब्द ऐकवतो. पोस्टमन नाही. ठोके नाही. पूर्वीसारखे नाहीत, ताई, त्याच्या पाव हिश्श्यानंही नाहीत. पुस्तकात म्हटलंय की एकदा उठलेली पाखरं परत बसायला दोन-तीन वर्षं लागतात.

आणि इथवर मी हे सगळं माझ्या स्वच्छतेच्या वेडावर ढकलत आलो आहे, तेही पूर्ण खरं नाही. तू पडलीस त्या सकाळी तुझा रेडिओ मोठ्यानं चालू होता. मी भिंतीवर थाप मारली. तू कमी केला नाहीस. मी परत मारली, मग चप्पल घेऊन मारली, मग मनातल्या मनात तुला नाही नाही ते बोललो. शेवटी भांडायलाच फाटकातून आलो, तर तू त्या भांड्याजवळ ओल्या पानांत पडलेली होतीस आणि मान वर करून त्या झाडाकडे बघत होतीस. मला म्हणालीस, आत्ताच पडले. डॉक्टरांना मात्र तू एक तास सांगितलास, ते मी दारामागून ऐकलं. तो तासभर मी भिंतीवर चप्पल मारत होतो. तुला घेऊन गाडी गेली, मी परत आलो, आणि मला कुणाचा तरी सूड घ्यायचा होता. ज्या पानांवरून तू घसरलीस त्यांचा, ज्या शेवाळाचा तुझ्या पायाला लेप लागला होता त्याचा, ज्या झाडाकडे बघताना तुझं खाली लक्ष नव्हतं त्या झाडाचा. सगळ्यांचा घेऊन झाला तरी तो तास काही कमी झाला नाही.

रविवारी फोनवर मी नुसतं 'सगळे आहेत' म्हणालो असतो तर तू आली असतीस, हे मला कळतं. फीत तयार आहे, आता ती कुठे बंद करायची तेही मला येतं. पण पक्ष्यांच्या नावावर तुला फसवून आणलं असतं तर मागचं दार उघडल्यावर तुझा चेहरा मला बघवला नसता. म्हणून हे पत्र. तुझ्या अटीप्रमाणे तू यायला नको. तुझी लेक गुणी आहे, खोली उन्हाची आहे, तिथे पानावरून घसरायची भीती नाही, आणि आपल्या वयात शहाणपण त्यातच आहे. हे सगळं मान्य करून मी तुला एक विचारतो, कारण आजवर कधी विचारलं नाही. भिंत होती, त्यामुळे विचारावं लागलं नाही. तू ये. मला तुझी सवय आहे असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. मला तू इथे हवी आहेस. रेडिओ हवा तेवढा मोठा लाव. तो लागला आणि तू थापेला ओ दिली नाहीस, तर या वेळी मी दुसरी थाप मारणार नाही, धावत येईन. पाखरं त्यांच्या सवडीनं येतील. तू आधी ये.

तुझाच,
धाकटा